कामाची प्रेरणा : स्पर्धा की सहकार?

माणूस काम का करतो? पोटासाठी करतो, हे उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे. बेताच्या पगारावर जीव ओतून काम करणारी माणसे आपण पाहतो आणि भरपूर वेतन घेऊन घड्याळाकडे डोळे लावून बसणारेही पाहतो. तेव्हा पोटापलीकडची काही प्रेरणा असली पाहिजे. ती कोणती, याविषयी दोन मते आहेत. एक मत असे, की माणसाला दुसऱ्याच्या पुढे जाण्याची ईर्ष्या असते. ती ईर्ष्या जागी ठेवली की तो काम करतो. दुसरे मत असे, की माणसाला आपल्या माणसांबरोबर काही उभारण्यात आनंद असतो. तो आनंद मिळाला की तो काम करतो. पहिले मत स्पर्धेचे, दुसरे सहकाराचे.

आपल्या संस्थेचे बहुतेक सभासद नोकरदार आहेत. रेल्वे, पोस्ट, बँक, शाळा, महानगरपालिका, वीज मंडळ अशा ठिकाणी त्यांची हयात गेली. त्यांची मुले-मुली आज खासगी कंपन्यांत, काही कंत्राटी कामांवर आहेत आणि अनेक विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. या सर्वांना हा प्रश्न रोज भेटतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करणार आहोत.

स्पर्धेचे श्रेय

प्रथम स्पर्धेला तिचे श्रेय दिले पाहिजे. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट या अभ्यासकाच्या लक्षात आले, की सायकलस्वार एकटा असताना जितका वेगाने जातो, त्याहून अधिक वेगाने तो इतरांच्या सोबतीत जातो. त्याने मग ४० मुलांना मासेमारीच्या गळाचे चक्र फिरवायला लावले. कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलाशी चढाओढीने. चढाओढीत निम्म्या मुलांचा वेग वाढला. पण दहा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही आणि दहा मुले चढाओढीच्या ताणाने गडबडून अधिकच हळू झाली. स्पर्धेचे गुण आणि दोष या लहानशा प्रयोगात एकत्र दिसतात. हाताच्या सोप्या, एकट्याने करण्याच्या कामात ती अनेकांचा वेग वाढवते, पण सर्वांचा नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने स्पर्धेचा आणखी एक उपकार आहे. जेथे जाहिरात निघते, सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळते आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो, तेथे वशिल्याचे दार निदान काही अंशी बंद होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दारातच अडवले गेले, त्यांना उघड स्पर्धा ही मुक्तीची वाट वाटली तर नवल नाही. जागा दहा आणि उमेदवार हजार असतील तर निवड करावीच लागते, आणि ती उघड व समान नियमांनी व्हावी यातच न्याय आहे. प्रतिनिधित्वाची तरतूदही त्या न्यायाचाच भाग होय. कारण शर्यत सुरू होण्यापूर्वीच काहींना मैलभर मागे उभे केलेले असेल, तर तिला समान स्पर्धा म्हणता येत नाही.

म्हणून स्पर्धा मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दारातून आत आल्यावर, रोजच्या कामात, शेजारच्या टेबलावरील माणूस हा आपला प्रतिस्पर्धी मानावा की सोबती?

एका सेवायोजन कार्यालयाची गोष्ट

या प्रश्नावर पीटर ब्लाउ या समाजशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास फार बोलका आहे. तो १९५४-५५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ब्लाउ यांनी अमेरिकेतील एका सरकारी सेवायोजन कार्यालयाचे निरीक्षण केले. सेवायोजन कार्यालय म्हणजे आपल्या परिचयाचे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. आपल्यापैकी कित्येकांनी तेथील कार्ड वर्षानुवर्षे नूतनीकरण करून जपले आहे.

या कार्यालयात मालकांचे दूरध्वनी येत, रिकाम्या जागांची माहिती कर्मचारी लिहून घेत आणि समोर आलेल्या बेकाराला योग्य जागेवर पाठवीत. जागेची चिठ्ठी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, असा नियम होता. पुढे, कोणी किती माणसांना कामाला लावले याचे आकडे नोंदवण्याची पद्धत आली. एका विभागात वरिष्ठ या आकड्यांवरच कर्मचाऱ्याची किंमत ठरवू लागले. परिणाम काय झाला? कर्मचारी चांगल्या जागांच्या चिठ्ठ्या लपवू लागले. आपल्याकडे आलेला उमेदवार त्या जागेला योग्य नसला, तरी शेजाऱ्याला ती दिसू नये अशी धडपड सुरू झाली.

दुसऱ्या विभागात वरिष्ठांनी आकड्यांना एवढे महत्त्व दिले नाही. तेथील बहुतेकांची नोकरी कायम होती आणि आपले काम बेकाराला योग्य जागा मिळवून देण्याचे आहे, ही समज त्यांच्यात रुजलेली होती. ते चिठ्ठ्या एकमेकांना दाखवीत, आणि जो लपवील त्याच्याबद्दल नाराजी व्यक्त होई.

शेवटी हिशेब झाला तेव्हा असे दिसले, की चढाओढीच्या विभागात जो अधिक लपवाछपवी करी त्याचे वैयक्तिक आकडे चांगले होते. पण संपूर्ण विभाग म्हणून पाहता, एकमेकांना मदत करणाऱ्या विभागाने उपलब्ध जागांपैकी अधिक जागा भरल्या. एकाचा लाभ झाला, तोटा मात्र सर्वांचा झाला, आणि सर्वांत मोठा तोटा झाला खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बेकार माणसाचा. ज्याच्यासाठी ते कार्यालय होते, त्याला साजेशी जागा कोणाच्या तरी टेबलावर झाकून पडलेली होती!

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चढाओढीच्या विभागातील माणसे स्वभावाने दुष्ट नव्हती. त्यांच्यातील अनेकांची नोकरी पक्की नव्हती आणि मोजमाप एकेकट्याचे होत होते. भीती आणि एकेकट्याचे मोजमाप या दोन गोष्टी एकत्र आल्या, की भला माणूसही चिठ्ठी लपवू लागतो.

ही गोष्ट जुनी झाली असे मानू नये. मायक्रोसॉफ्ट या संगणक क्षेत्रातील बलाढ्य कंपनीत अनेक वर्षे अशी पद्धत होती, की प्रत्येक गटातील काही जणांना उत्तम आणि काही जणांना निकृष्ट ठरवावेच लागे. मग गटातील सर्वच जण चांगले काम करणारे का असेनात. त्यामुळे हुशार माणसे हुशार माणसांच्या गटात जाण्यास कचरू लागली. २०१३ साली कंपनीने ही पद्धत बंद केली. आपल्या शहरांतील अनेक कंपन्यांत ‘बेल कर्व्ह’ या नावाने तरुणांनी हाच अनुभव घेतला आहे.

दोन शहरांतील माग

आता सहकाराकडे वळू. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते. पण अपेक्षेप्रमाणे उत्पादन निघेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांना दिसले, की २२४ मागांच्या त्या शेडमध्ये कामाचे बारा निरनिराळे तुकडे पाडले आहेत. कोणी कांड्या भरतो, कोणी तुटलेला धागा जोडतो, कोणी तेल देतो. आणि प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगळी. त्यामुळे अमुक मागावरील कापड आपले, असे कोणालाच म्हणता येत नव्हते. माणसे एका छताखाली होती, पण त्यांचा गट नव्हता.

राइस यांनी सुचवले, की सात-सात कामगारांचे गट करावेत आणि ठरावीक माग एका गटाकडे पूर्णपणे सोपवावेत. गटाने कामाची वाटणी आपसांत करावी. ही कल्पना कामगारांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी उचलून धरली. सुरुवातीला काही चढउतार झाले. पण घडी बसल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. माग तेच, माणसे तीच. बदलले ते कामाचे नाते.

मागाचा विषय निघाला, की आपल्याला मुंबईचे माग आठवल्यावाचून राहत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आमच्या माणसाच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. विणकाम खात्यात मजुरी चांगली होती. आमच्या माणसांना मात्र कमी मजुरीच्या खात्यांत राहावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना रोखठोक विचारले, की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य करता की नाही? पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने यादीत घातली. त्यावर मालकांनी, हा अन्याय आम्ही केलेला नाही, असे सांगून ती कामगारांवरच उलटवली.

हा प्रसंग सहकारावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. त्या विणकरांमध्ये आपसांत एकजूट नव्हती काय? होती. ते एकमेकांना सांभाळून घेत, एकाच्या ओळखीने दुसरा कामाला लागे. पण ती एकजूट दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी होती. अशा एकजुटीला सहकार म्हणता येत नाही. ती टोळी होय. जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये दाखवून दिले. आणि १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मण्यशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. समतेवाचून सहकार नाही, हा त्यातील धडा आहे.

भिक्खुसंघातील कामाची रीत

पण समतेवर उभा राहिलेला सहकार प्रत्यक्षात कसा असतो? त्याचे एक सुंदर चित्र त्रिपिटकात आहे. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये क्षुल्लक कारणावरून भांडण लागले आणि ते इतके वाढले, की तथागतांचा उपदेशही त्यांनी मनावर घेतला नाही. तेव्हा भगवंत त्यांना सोडून एकटेच निघाले आणि प्राचीनवंसदाय नावाच्या वनात आले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे तीन भिक्खू राहत होते. भगवंतांनी विचारले, तुम्ही सलोख्याने राहता ना? अनुरुद्धांनी सांगितले, की आम्ही दूध आणि पाणी एकत्र मिसळावे तसे राहतो.

भगवंत एवढ्यावर थांबले नाहीत. ते कसे, असे त्यांनी विचारले. त्यावर अनुरुद्धांनी जे सांगितले ते तत्त्वज्ञान नव्हे, तर रोजच्या कामाची रीत आहे. भिक्षेहून जो प्रथम येतो तो आसने मांडतो, पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेले हवे तर खातो, भांडी घासतो, जागा झाडतो. ज्याला घागर रिकामी दिसेल तो ती भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. आणि दर पाचव्या रात्री तिघेही रात्रभर धम्मचर्चेत बसतात.

यात घागर भरण्याची पाळी कोणाची, हा प्रश्नच नाही. जास्त घागरी कोणी भरल्या, याची नोंद नाही. रिकामी घागर दिसणे हीच कामाची प्रेरणा. मनात ‘मान’ उत्पन्न होतो, असे बौद्ध मानसशास्त्र सांगते. मान म्हणजे स्वतःची दुसऱ्याशी तुलना करण्याची खोड. मी त्याच्याहून श्रेष्ठ, मी त्याच्याहून हीन, इतकेच नव्हे तर मी त्याच्या बरोबरीचा, हाही मानच. सतत तुलना करणाऱ्याचे डोळे घागरीकडे नसतात, शेजाऱ्याकडे असतात. या रोगावरील औषध म्हणजे मुदिता, दुसऱ्याच्या यशाने आनंदित होणे. मैत्री आणि करुणा आपल्या तोंडी नेहमी असतात. दुःखितावर दया करणे तुलनेने सोपे. सहकाऱ्याला बढती मिळाल्यावर मनापासून पेढा खाणे कठीण!

सहकाराचे दोष

सहकाराचेही दोष आहेत, ते झाकून चालणार नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच अभ्यासकाने दोर ओढण्याचे प्रयोग केले. ते १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढली तसा माणशी जोर कमी होत गेला. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर आला. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, हा अनुभव कोणत्या मंडळाला नाही? जयंतीच्या वेळी शंभर नावे पत्रिकेत असतात आणि दुसऱ्या दिवशी मांडव उतरवायला चारच हात असतात.

यावर उपाय काय? सहकार सोडून देणे हा उपाय नव्हे. गट लहान ठेवणे, प्रत्येकाचा वाटा दिसेल असा ठेवणे आणि मोकळेपणाने बोलण्याची सोय करणे, हे उपाय आहेत. लिज्जत पापडाचे उदाहरण घ्या. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. पीठ केंद्रात मळले जाते, बहिणी पापड घरी लाटतात, आणि जितके लाटले तितकी मजुरी मिळते. म्हणजे प्रत्येकीचे श्रम वेगळे मोजले जातात. पण संस्था सर्वांच्या मालकीची आणि नफा-तोटाही सर्वांचा. एकीने अधिक लाटल्याने दुसरीचे काही हिरावले जात नाही.

मोकळेपणाने बोलण्याविषयी विनयपिटकात मार्मिक कथा आहे. काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण होऊ नये म्हणून एकमेकांशी बोलायचेच नाही, असे ठरवले. कामे सगळी नीट झाली. ते मोठ्या समाधानाने भगवंतांकडे आले. पण भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली, की तुम्ही मुक्या जनावरांसारखे राहिलात. आणि मग त्यांनी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघापुढे बसून, माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करायची. थोरानेही करायची. तोंड बंद ठेवून राखलेली शांतता म्हणजे सहकार नव्हे. आजच्या कचेऱ्यांत वरिष्ठ मूल्यमापनाच्या अहवालात शेरा लिहितो. पण वरिष्ठ स्वतः हाताखालच्या माणसांना आपला दोष विचारतो, असे किती ठिकाणी घडते?

आमच्यापुढील प्रश्न

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. आम्ही ज्या कचेरीत होतो तेथे समाजातील दोन बांधव एकाच पदावर काम करीत होते. पुढच्या पदासाठी विभागीय परीक्षेचे परिपत्रक आले. ते एकाच्या टेबलावरून गेले. त्याने दुसऱ्याला सांगितले नाही. मुदत टळली. परिपत्रक आम्हासही ठाऊक होते. हा त्या दोघांचा प्रश्न, असे म्हणून आम्ही गप्प राहिलो. पहिल्याला बढती मिळाली. दुसऱ्याने त्याच्याशी बोलणे सोडले, आणि पुढे त्या अधिकाऱ्यावर एक खोटा ठपका आला तेव्हा खरी हकिगत ठाऊक असूनही तो साक्षीला उभा राहिला नाही. दोघांत कोण जिंकले, याचे उत्तर आम्हास आजवर सापडलेले नाही. आमचे मौन मात्र आम्हास अजून बोचते.

बाहेर अन्याय झाला तर आपण मोर्चा काढतो आणि तो काढलाच पाहिजे. पण एका राखीव जागेसाठी आपल्याच माणसाला अंधारात ठेवणे हा अन्याय कोणी बाहेरचा करीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी साधा हिशेब मांडतो. तुम्ही देणार असलेल्या परीक्षेला हजारो उमेदवार बसतात. अभ्यासिकेत तुमच्या बाकावर बसणारा मित्र हा त्यांतील एक. त्याला टिपणे दिली नाहीत तर फार तर एक प्रतिस्पर्धी कमी होईल. पण तुमचे उत्तर तपासणारा, तुमची चूक दाखवणारा, निराशेच्या दिवशी चहा पाजणारा सोबतीही कमी होईल. शिवाय जे दुसऱ्याला समजावून सांगता येते तेच आपल्याला खरे समजलेले असते. परीक्षेच्या दालनात तुम्ही एकटे असणारच. दालनापर्यंतची वाट एकट्याने चालण्याचे कारण नाही.

आणि जे आज अधिकारपदावर आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की हाताखालच्या माणसांचे मोजमाप करताना आपण काय मोजतो हे तपासावे. सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, वेतन व अन्न द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर विश्रांती द्यावी, असे सांगितले आहे. माणसाच्या मनातील भीती आधी काढावी, मग त्याच्याकडून कामाची अपेक्षा करावी, असाच याचा अर्थ आम्ही घेतो. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसवणाऱ्या परिषदा चालवल्या, आणि १९४६ च्या कायद्याने कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. तुलनेने दुबळ्या बाजूलाही बसायला बरोबरीची खुर्ची मिळाली, हे त्यातील महत्त्वाचे.

सारांश असा, की जागा थोड्या आणि माणसे पुष्कळ असतील तेथे दारात स्पर्धा राहणार. ती उघड आणि न्याय्य असावी, यासाठी आपण झगडू. पण दाराच्या आत काम सर्वांचे असते. तेथे सहकार हवा, आणि तो समतेचा, हिशेबाचा व मोकळ्या बोलण्याचा हवा. आपल्या संस्थेपासूनच सुरुवात करता येईल. अभ्यासिकेत एक फळा आहे. ज्याच्या हाती जी जाहिरात, जे परिपत्रक, जी शिष्यवृत्तीची माहिती येईल, ती त्याने त्याच दिवशी त्या फळ्यावर लावावी. घागर रिकामी दिसली, की भरावी. पाळी कोणाची, हे विचारू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!